शुश्रूषेचा बाजार आणि आपला जिल्हा

शुश्रूषा आणि बाजार हे दोन शब्द एकत्र उच्चारले की पुष्कळांना ते खटकतात. आईबापांची सेवा ही काय विकण्याची वस्तू आहे, असा प्रश्न लगेच येतो. आणि त्या प्रश्नामागे जी भावना असते तिचा आम्ही आदर करतो. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की हा बाजार केव्हाच भरला आहे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी दिवसाची बाई किंवा रात्रीचा माणूस शोधीत फिरणारा गृहस्थ यवतमाळात आपणांपैकी प्रत्येकाच्या परिचयाचा असेल. तो दवाखान्यातील आयाबाईंजवळ चौकशी करतो, औषधाच्या दुकानात सांगून ठेवतो. कोणीतरी कोणाचा तरी फोन नंबर देतो. दर ठरतो तो समोरच्याची अडचण पाहून. आठ दिवसांनी ती बाई येईनाशी झाली, की हेच चक्र पुन्हा सुरू होते. हाही बाजारच आहे. मात्र त्यात ना काटा, ना मापारी, ना तंटा तोडणारा पंच. तेव्हा बाजार असावा की नसावा हा वाद आता व्यर्थ आहे. जो आहे तो नीट कसा बांधावा आणि तो टिकावा कसा, एवढाच प्रश्न उरतो व त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम गरज किती आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढील माणसांचे प्रमाण शेकडा ९.९ होते. हेच प्रमाण आपल्या जिल्ह्याला लावले तर पावणेतीन लाखांच्या आसपास वृद्ध होतात. २०१७-१८ साली भारतातील वार्धक्याची जी मोठी पाहणी झाली, तीत साठीपुढील सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना अंघोळ, कपडे, शौच, उठणे-बसणे यांपैकी एखाद्या तरी क्रियेत अडचण येते असे आढळले. या हिशेबाने आपल्या एका जिल्ह्यात साठ-पासष्ट हजार माणसे अशी निघतात, की ज्यांना दिवसातून केव्हा ना केव्हा दुसऱ्याचा हात लागतो. हा अंदाज ढोबळ आहे, आणि २०११ नंतर वृद्धांची संख्या वाढलीच असणार. शिवाय यात केवळ वृद्ध आले. झाडावरून पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात मणका मोडलेला तरुण, बौद्धिक अपंगत्व असलेली तिशीतील मुलगी, दीर्घ मनोविकाराने संसाराबाहेर पडलेला माणूस, हे या संख्येत धरलेले नाहीत. त्यांच्या आईबापांना रात्री झोपताना एकच विचार छळतो: आमच्यामागे याचे कोण?

आज हे काम कोण करते? उत्तर सर्वांना ठाऊक आहे. सून करते, मुलगी करते, बायको करते. सासूला कुशीवर वळविणे, तिचे कपडे धुणे, तिला भरविणे यात जी सून दिवस घालविते, तिची त्या दिवसाची वेचणी बुडते, निंदणाची मजुरी बुडते. आणि हा तोटा कोणत्याच वहीत मांडला जात नाही. पूर्वी घरात चार हात होते, आता दोन उरले आहेत. एक मुलगा पुण्याला, दुसरा नागपूरला. घरी म्हातारा आणि म्हातारी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने मुलांवर जबाबदारी टाकली, आणि न्यायाधिकरणाला दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविण्याचा अधिकार दिला. हे योग्यच झाले. पण कायदा पैसे देववू शकतो, हात देववू शकत नाही. पुण्याहून आलेल्या पैशाने पाठीवरची शय्याव्रणे धुतली जात नाहीत. ती धुण्यास जवळ राहणारे, शिकलेले, विश्वासाचे माणूस लागते. असे माणूस पैसे देऊन तरी मिळेल अशी व्यवस्था असणे, यालाच आम्ही शुश्रूषेचा बाजार म्हणतो.

बाजार बांधणे ही आपणांस नवखी गोष्ट नव्हे. किंबहुना हिंदुस्थानला बांधलेला बाजार म्हणजे काय हे शिकविले ते वऱ्हाडनेच. १८८६ साली कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे १९२८ साली शाही शेतकी आयोगाने देशभर असे बाजार व्हावेत अशी शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा नमुना त्याच्यापुढे होता. तो कायदा करणाऱ्यांचा डोळा मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ व स्वस्त कापूस मिळण्यावर होता, शेतकऱ्याच्या हितावर नव्हता, हे विसरू नये. तरीही त्या व्यवस्थेने चार गोष्टी निश्चित केल्या: माल कोठे मिळेल ती जागा, तो मोजण्याचे प्रमाणित माप, उघडपणे बोलला जाणारा भाव, आणि तक्रार ऐकणारी समिती. या चार गोष्टी नसल्या की गाडी घेऊन आलेला शेतकरी अडत्याच्या दयेवर राहतो. आज आजारी माणसाचे कुटुंब तशाच दयेवर आहे, आणि चमत्कार असा की सेवा करणारी बाईही तशाच दयेवर आहे.

मापापासून सुरुवात करू. शुश्रूषा मोजावी कशी? याचे उत्तर १९६३ साली सिडनी कॅट्झ या अमेरिकन वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी अगदी साध्या रीतीने दिले. माणसाच्या सहा क्रिया पाहाव्या: अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणावरून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांतील किती स्वतः जमतात आणि किती जमत नाहीत, यावरून त्याला किती मदत हवी ते ठरते. रोगाचे नाव काय, यापेक्षा हे माप घराला अधिक उपयोगी आहे. एका अर्धांगवाताच्या रोग्याला दिवसातून एक तास पुरेल, तर दुसऱ्याला रात्रंदिवस माणूस लागेल. हे माप लावले नाही म्हणजे काय होते? ज्याला एक तास पुरेल तो चोवीस तासांची बाई शोधतो, ती परवडत नाही म्हणून कोणालाच ठेवीत नाही, आणि सगळा भार पुन्हा सुनेवर पडतो.

आता कापूस आणि शुश्रूषा यांतला मोठा भेद सांगितला पाहिजे. कापूस हातात घेऊन त्याचा धागा पाहता येतो. शुश्रूषेचा नमुना आगाऊ दाखविता येत नाही. ती घडत असतानाच तिचा उपभोग होतो, आणि तोही बंद दाराआड. शिवाय पैसे देणारा एक, घेणारा दुसरा आणि सोसणारा तिसरा. मुलगा पुण्याहून पैसे पाठवितो, बाई येऊन जाते, आणि म्हाताऱ्या आईला बाईने दटावले तरी ती सांगत नाही. कारण उद्या ही गेली तर पाणी कोण देईल, याची तिला धास्ती असते. दुकान आवडले नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते, हा बाजाराचा सामान्य नियम येथे लंगडा पडतो. म्हणून या बाजारात देखरेख ही चैन नसून पाया आहे. महिन्यातून दोनदा तरी अनुभवी परिचारिकेने न सांगता घरी जावे, पाठ पाहावी, औषधाची वही पाहावी, आणि आजीशी व बाईशी वेगवेगळे बोलावे. बाईशी बोलणेही तितकेच अगत्याचे आहे. परक्या घरात एकटी काम करणारी स्त्री अपमान आणि त्याहून वाईट गोष्टी मुकाट्याने सोसते, हे आपणांस ठाऊक नाही काय?

यानंतर हिशेब. पुढील आकडे केवळ गणित समजावे म्हणून धरलेले आहेत. समजा, एका सेविकेला दरमहा १४,००० रुपये वेतन द्यावयाचे. तिच्या जाण्यायेण्याला १,५०० रुपये, परिचारिकेची देखरेख व शिक्षण यांचा तिच्या वाट्याचा खर्च ३,००० रुपये, रजेच्या दिवशी बदली माणूस आणि विमा यांसाठी १,५०० रुपये. एकूण २०,००० रुपये झाले. ती दिवसातून चार घरी प्रत्येकी दीड तास काम करू शकली, तर प्रत्येक घरावर महिन्याचे ५,००० रुपये पडतात. तीनच घरे मिळाली तर ६,६६७. आणि घरे इतकी लांब असली की दिवसातून दोनच जमतात, तर १०,०००. बाई तीच, वेतन तेच, काम तेच. घरांमधले अंतर वाढले आणि दर दुप्पट झाला. या व्यवसायात अनेक उपक्रम का बुडतात त्याचे मर्म येथे आहे. जाहिरात जिल्हाभर करावयाची आणि घरे मिळावयाची एक वडगावात, एक आर्णीत, एक घाटंजीत. मग दिवस रस्त्यातच सरतो.

यावरून योजनेचे पहिले सूत्र निघते: आधी दाटी, मग विस्तार. आपल्या जिल्ह्याचे सोळा तालुके आणि सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांचा पसारा. यवतमाळहून उमरखेडला जावयाचे तर शंभराहून अधिक किलोमीटर पडतात. तेव्हा सगळ्या जिल्ह्याला एक केंद्र ही कल्पना सोडून द्यावी. शहरात एक-दोन प्रभाग धरावेत. खेड्यात पाच-सात लगतची गावे धरावीत आणि सेविका त्याच गावांतली असावी. नेदरलंडमध्ये २००६ साली यॉस दे ब्लोक या परिचारकाने सुरू केलेल्या ‘ब्यूर्तझोर्ग’ या संस्थेने हेच केले. बाराच्या आत-बाहेर परिचारिकांची एक तुकडी, तिला एक मोहल्ला, आणि कोणी कोणाकडे केव्हा जावे हे त्या तुकडीनेच ठरवावे. वरच्या कारकुनीचा खर्च वाचला आणि घराला रोज नवे तोंड पाहावे लागेनासे झाले.

दुसरे सूत्र: बाजार एका आधारावर उभा करू नये. याची दोन उदाहरणे आहेत, एक दूरचे आणि एक घरचे. इंग्लंडमध्ये सदर्न क्रॉस नावाची कंपनी साडेसातशेच्या आसपास शुश्रूषागृहे चालवीत असे. तिने इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या. भाडे चढत गेले, आणि रोग्यांचे पैसे देणाऱ्या नगरसंस्थांचा हात आखडत गेला. २०११ साली ती कोसळली, तेव्हा सुमारे एकतीस हजार वृद्धांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या सरकारपुढे उभा राहिला. त्यानंतर २०१४ च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर एक स्पष्ट कर्तव्य टाकले: आपल्या हद्दीतील शुश्रूषेचा बाजार विविध, चांगला आणि टिकाऊ राहील हे पाहणे, आणि सेवा देणारा बुडाला तर रोग्याची सेवा खंडित होऊ न देणे. घरचे उदाहरण आपल्या कापसाचेच. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. हेतू उत्तम होता आणि हमीचा भाव पुष्कळांना तारून गेला. परंतु भाव एकच खरेदीदार ठरविणार आणि तोटा एकच तिजोरी सोसणार, ही रचना वाढत्या तोट्याखाली वाकत गेली व नव्या शतकाच्या आरंभी तो एकाधिकार संपला. ज्याची तरतूद दरवर्षी नव्याने मागावी लागते, त्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे आयुष्य टांगता येत नाही.

मग पैसा कोठून यावा? जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा काढला. जपानात चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरावयाची, आणि गरज पडली की खर्चाचा लहान हिस्सा रोग्याने व बाकीचा या निधीने द्यावयाचा. आपल्याकडे असा विमा नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढील सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, ही मोठीच गोष्ट झाली. पण ते रुग्णालयाच्या खाटेसाठी आहे. रोगी घरी आला की त्यानंतरची महिनोन् महिन्यांची सेवा घराच्याच माथी बसते.

तथापि आपल्या हाती काहीच नाही असे नव्हे. १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली १,५०० रुपये झाली आणि २०२५ साली दिव्यांगांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय झाला. ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे असा राज्याचा दंडक आहे. तो पैसा पुष्कळदा एकदाच्या वाटपात संपतो. त्यातूनच देखरेख करणाऱ्या परिचारिकेचे वेतन का निघू नये? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी शुश्रूषकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ या नावाने असा भत्ता घरातील सेवा करणाऱ्यालाच दिला. वर मांडलेल्या हिशेबातील ५,००० रुपयांपैकी कुटुंबाने ऐपतीप्रमाणे, अनुदानाने ठरल्याप्रमाणे आणि उरलेले स्थानिक संस्थेने व समाजाने, असे तीन वाटे पडले तर ओझे उचलण्याजोगे होते. ज्याची ऐपत आहे त्याने पूर्ण दर द्यावा. फुकट सर्वांना देऊ म्हटले तर गरिबाचा क्रमांक लागेपर्यंत पैसा संपतो.

तिसरे सूत्र सेविकेविषयी. जी बाई आजीला उचलते तिला स्वतःच्या पाठीसाठी रजा नाही, आजारपणात वेतन नाही, आणि दलालाने किती कापून घेतले याचा पत्ता नाही, अशा पायावर कोणतीही शुश्रूषा टिकत नाही. चांगल्या बाया शहराकडे जातात आणि उरलेल्या कंटाळून सोडतात. यावर आमच्या मते उत्तम उपाय सेविकांची सहकारी संस्था हा होय. १९५९ साली मुंबईत सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून लिज्जतचा पसारा उभा राहिला. तेथे लाटणारीच मालक आहे. अहमदाबादेस ‘सेवा’च्या स्त्रियांनी आरोग्यसेवेची सहकारी संस्था चालवून दाखविली आहे. सहकाराचा १९६० चा कायदा आपल्यापाशी आहे, घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, आणि बचत गटांत हिशेब ठेवण्यास शिकलेल्या हजारो स्त्रिया या जिल्ह्यात आहेत. शिक्षणासाठी दूर जावयास नको. १९८९ पासून यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुशीवर कसे वळवावे, नळीने अन्न कसे द्यावे, व्रण होऊ नये म्हणून काय करावे, स्मृतिभ्रंश झालेल्याशी कसे बोलावे, हे तेथील परिचारिका व अध्यापक काही महिन्यांत शिकवू शकतील.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाई हवी म्हणणारी पुष्कळ घरे आधी तिची जात विचारतात. मलमूत्र काढणारे हात चालतात, पण त्याच हातचे पाणी चालत नाही! आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजींनी परचुरेशास्त्री या महारोगग्रस्त पंडितांना जवळ ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले. ज्या विदर्भाने अशी माणसे पाहिली, तेथे हे काम हलके समजले जावे हे लाजिरवाणे आहे. संस्थेचा नियमच असावा की जात विचारणाऱ्या घरी सेविका जाणार नाही.

आता योजना थोडक्यात मांडतो. पहिल्या सहा महिन्यांत शहरातील एक प्रभाग आणि एका तालुक्यातील पाच-सात गावे घेऊन आशा सेविकांच्या मदतीने घरोघर सहा क्रियांचे माप लावावे व नोंदवही करावी. त्याच काळात वीस-पंचवीस स्त्रिया निवडून त्यांना शिकवावे. पुरुष रोग्यांसाठी काही पुरुषही घ्यावेत. मग दरपत्रक छापून नगरपरिषदेत, दवाखान्यात व ग्रामपंचायतीत लावावे. नगरपरिषद, वैद्यकीय महाविद्यालय, सेविका, आणि सेवा घेणारी कुटुंबे व दिव्यांग व्यक्ती यांची समिती असावी. वऱ्हाडच्या जुन्या बाजार समित्यांत वजन व्यापाऱ्यांचे होते, येथे ते सेवा घेणाऱ्यांचे व देणाऱ्यांचे असावे. संस्था एकच नसावी. दुसरी येऊ पाहील तर तिला तेच माप, तीच तपासणी लावून येऊ द्यावे. तीन महिन्यांचा खर्च गंगाजळीत राखीव असल्याखेरीज नवा प्रभाग घेऊ नये. पैशाबरोबर शेजाऱ्यांचे हातही मोजावेत: १९९३ साली कोझिकोडला वेदनाशामक सेवेची जी संस्था निघाली, तिच्या मागोमाग केरळात गावोगाव स्वयंसेवक उभे राहिले, आणि २००८ साली तेथील सरकारने तेच धोरण म्हणून स्वीकारले.

कोणी म्हणेल, विकत शुश्रूषा मिळू लागली की मुले आईबापांना विसरतील. आम्हांस तसे वाटत नाही. दिवसभर ओझे वाहून थकलेली सून संध्याकाळी सासूशी दोन शब्द गोड बोलू शकत नाही. दीड तासाची मदत मिळाली तर कदाचित बोलेल. जे काम शिकलेल्या हातांनी चांगले होते ते त्यांना द्यावे, आणि जे केवळ आपल्या माणसालाच करता येते त्यासाठी घराला उसंत मिळावी.

आणि ज्यांना मागे कोणीच उरणार नाही त्यांचे काय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक अपंगत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमण्याची सोय केली आहे, आणि त्यासाठीच्या स्थानिक समितीत जिल्हाधिकारी असतात. पालक कागदोपत्री नेमता येतो. पण रोज सकाळी दार उघडून अंघोळीचे पाणी तापविणारे कोणी त्याला मिळाले नाही, तर तो तरी काय करणार? ते माणूस आजपासून तयार करावे लागेल. आईबाप हयात असतानाच ते घरात यावे, मुलाच्या ओळखीचे व्हावे, त्याच्या सवयी शिकावे. त्या आईबापांचे वय रोज वाढत आहे. तेव्हा नोंदवहीचे काम पुढील वर्षावर टाकू नये, एवढीच विनंती आहे.